जेजुरीचा गाढवांचा बाजार: कोट्या पुरे, पाण्याचं बघा

महोदय,

पौष पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या गाढवांच्या बाजाराचा फोटो पेपरात हमखास येतो आणि त्याखाली एखादी कोटीही असते. निवडणुका तोंडावर असल्या तर विचारूच नका. आमचं भंडारा-खोबऱ्याचं लहानसं दुकान आहे आणि घर बंगाली पटांगणापासून जवळ. कोटी वाचून आम्हीही हसतो. पण त्या बाजाराला काय लागतं, हे बातमीत कधी वाचलं नाही, म्हणून हे पत्र.

सोमवती अमावस्येच्या यात्रेची गर्दी वेगळी, ही वेगळी. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, घिसाडी, कुंभार अशा खंडोबाला मानणाऱ्या जमाती बिऱ्हाडासकट उतरतात. देवदर्शन, सोयरीक आणि जनावर, तिन्ही कामं एका फेरीत. गुजरातकडून काठेवाडी गाढवं येतात, ती अंगानं थोराड, त्यामुळे गावठीपेक्षा भाव चढा.

वय कळायला गिऱ्हाईक आधी दात बघतं. दोन दातांचं ते दुवान, चार दातांचं चवान, सगळे आले की अखंड. मागच्या यात्रेत आमच्या दारासमोरच एक म्हातारी सौदा करत होती. मुलगा दात मोजत होता, तर हिनं पाठीवरचे केस उलटे चोळायला सुरुवात केली. दोन ठिकाणी हात थांबला. गोणी घासून झालेली जुनी जखम वरून अगदी बुजलेली होती, पण तिच्या बोटांना कळली. मग खूर उचलून बघितले, चार पावलं चालवलं आणि भाव असा पाडला की विकणारा हातच जोडायला लागला. निम्मे पैसे रोख, निम्मे पुढच्या पौर्णिमेला. खंडोबाची शपथ म्हणून बेलभंडारा उचलला, झालं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

पूर्वी इथे जातपंचायतीही बसत. त्या मोडत चालल्या याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. बाईमाणसाला वाळीत टाकणारे निवाडे आमच्या सासूबाईंनी याच पटांगणात ऐकले होते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू झाला, तो आणखी आधी यायला हवा होता. परंपरा म्हणून सगळंच जपा असं माझं म्हणणं नाही.

पण जनावरांचं तसं नाही. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ला १ लाख २० हजारांच्या आसपास उरली. जेसीबी, ट्रॅक्टर आणि टेम्पोनं काम नेलं. तरी जिथे टेम्पो शिरत नाही, त्या बोळांत आणि डोंगरावर वाळू-विटा आजही गाढवाच्या पाठीवरूनच चढतात. ज्यांचं पोट त्यावर आहे, ते कर्ज काढून इथे येतात.

त्यांच्या जनावरांना पाणी मात्र मिळेल तिथून. बायका हंडे घेऊन आमच्याच नळावर येतात, आणि नळाला पाणी त्याच वेळी असेल असं कुठे आहे? टँकर आला तरी हौद नाही, मग बादलीनं किती पाजणार? पटांगणाच्या कडेला दोन दिवसांपुरते सिमेंटचे हौद ठेवले तरी निभेल.

दुसरं, पशुवैद्यकीय डॉक्टरचं टेबल बाजारातच हवं. घोड्या-गाढवांना ग्लँडर्स नावाचा संसर्गजन्य रोग होतो, तो माणसालाही लागतो. त्यावर लस नाही, आणि निदान झालं की कायद्यानं जनावर मारावं लागतं. कर्जानं घेतलेलं गाढव असं गेलं तर त्या घराचं काय होईल? रक्ताचा अहवाल हातोहात मिळत नाही हे मला समजतं, म्हणूनच तपासणी जिथून जनावरं निघतात तिथे आधी व्हावी, आणि इथे निदान दाखले बघायला, जखमा धुवायला, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला माणूस असावा.

तुमचा वार्ताहर यंदा फोटोपुरता न येता पहाटे यावा, सौदे तेव्हाच होतात. चहा आमच्याकडे. आणि हौदाचं, डॉक्टरचं आत्ताच छापा. पौष पौर्णिमेची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, तेव्हा वेळ मिळाला नाही असं कुणाला म्हणता यायचं नाही.

आपली,
एक वाचक, जेजुरी (ता. पुरंदर, जि. पुणे)