नाताळच्या गावात मीटरगेज

मडगाव,
८ डिसेंबर

प्रिय अन्या,

तुझं पत्र मिळालं. नातीसाठी ख्रिसमस ट्रीखाली आगगाडी फिरवणार, चिनी मातीची घरंही आणून ठेवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. गाडी अजून घेतली नसशील तर थोडा थांब. आधी एका घराचं दार मोज.

सहज मिळते ती एचओ मापाची गाडी, खऱ्या गाडीच्या १:८७. रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ही घरं एका मापाची नसतातच, चर्चचा मनोरा तर हमखास खुजा असतो. तरीही बहुतेकांची दारं एचओच्या माणसाला फार मोठी पडतात. त्यांच्याशेजारी एचओचा डबा ठेवलास की घरातला माणूस त्या डब्यात मावणार नाही, हे पोरांनाही लगेच कळतं. अमेरिकेत यावर छान तोड निघाली. रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे, पण वरची गाडी १:४८ची, म्हणजे तिकडची नॅरोगेज, अरुंद रुळांची गाडी. त्याला ऑन-थर्टी म्हणतात. बाखमन कंपनीने १९९८ मध्ये तशा तयार गाड्या आणल्या आणि नाताळचं गाव मांडणाऱ्यांनी त्या उचलून धरल्या. वळण लहानच राहतं, गाडी मात्र घरांना शोभते.

हे वाचलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मीटरगेजच्या रुळांतलं अंतर एक मीटर. त्याला साडेसोळा मिलिमीटरने भाग: साधारण साठ. अन्या, एचओच्या रुळांवर साठाव्या हिश्श्याचा डबा ठेवला की ती आपली मीटरगेज होते! १८८८ मध्ये पुरी झालेली मुरगाव–कॅसलरॉक लाइन, जिच्या खिडकीत बसायला आपण भांडायचो.

मग शेजारच्या आंटीकडे तीच मांडायची ठरली. एचओ इंजिनाची चाकं आणि मोटर ठेवली, वरचं कवच उतरवून पुठ्ठ्याचं नवं चढवलं. डबे विटकरी. खऱ्या हिशोबाने डबा फूटभराहून लांब होतो आणि अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर बाहेर फेकला जातो, म्हणून काही खिडक्या गाळून तो वीतभर केला. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी वॉर्निश दे, नाहीतर दमट हवेत तो वाकतो. घरांना बर्फ नाही. कौलं, पुढे बल्कांव (दारापुढची बसायची जागा), दार ३.३ सेंटिमीटर, म्हणजे खरं दोन मीटर. आंटी नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, छोट्या भांड्यांतून नाचणी पेरते. या वर्षी रुळांच्या आतल्या बाजूलाही पेरली आहे. बोटभर उंच हिरवं शेत, त्यामागून विटकरी गाडी, तू बघायलाच हवंस.

घाटही केला. कुळे ते कॅसलरॉक चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, म्हणून तर गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. खेळण्यातली गाडीही दोन-तीन डबे घेऊन तेवढा चढते. अर्ध्या फेरीत रूळ जवळजवळ चार सेंटिमीटर वर जातो. दूधसागरच्या पुलाला तेवढी उंची पुरली. चढाची सुरुवात आणि शेवट मात्र हळूहळू वळव, एकदम मोडलास तर डब्यांचं कपलिंग (जोड) सुटतं.

गोठा गाडीच्या वाटेत घालू नकोस. हलतं ते डोळा ओढून घेतं आणि बाळ येशूकडे कुणी बघत नाही. आम्ही गोठा पुढे, थोडा उंचावर ठेवलाय आणि गाडी मागून जाते. आंटीला हे फार पटलं.

झाड सुरूचं असेल तर त्याच्या काड्या सारख्या गळतात आणि इंजिनाच्या दात्यांत अडकतात. रोज ब्रशने रूळ झाड, फडक्याने पूस. कुंडीला पाणी घालताना ॲडॉप्टर काढून ठेव.

आता माझं काम. तुझे बाबा कुळ्याला रेल्वेत होते तेव्हाचा, डब्यासमोर उभे असलेला त्यांचा फोटो तुझ्याकडे असेल. त्यात डब्यावरची अक्षरं दिसतात. तेवढा भाग मोठा करून वीस तारखेच्या आत पाठव. अक्षरं लिहायची म्हणून डब्यांची एक बाजू कोरी ठेवली आहे.

वहिनींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
विनू