उपाशी वाफ्यांबद्दल मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘तुम्ही बियाणं सुधारता की खताचा खप वाढवता?’ हा तुझा टोमणा दोन दिवस चघळतोय. निम्मा मान्य.

उंच गहू खत जास्त झालं की लोळायचा. जपानच्या ‘नोरिन १०’ या गव्हाचा (१९३५) बुटकेपणा पुढच्या वाणांत आला आणि गहू खत पचवून ताठ उभा राहिला. पोटं भरली, हे कसं नाकारू? पण निवड झाली ती भरपूर खतपाण्याच्या वाफ्यांत. तिथे मुळांना धडपडावं लागत नाही, मग धडपडी झाडं उठून दिसणार कशी? म्हणून भाताचे निम्मे वाफे मी हल्ली मुद्दाम उपाशी, म्हणजे खताविना ठेवतो. पिवळे, खुरटे, बघवत नाहीत. पण त्यातच एखादी ओळ हिरवी राहते, आणि माझा पाय तिथून निघत नाही.

ओडिशाचा जुना भात ‘एफआर १३ए’ घे. उत्पन्न बेताचं, नुसत्या उत्पन्नाच्या तक्त्यात तळाशीच राहील. पण पुरात बुडाल्यावर इतर भात वर यायला उंच वाढतात आणि दमून मरतात. हा गप्प बसतो, साठा राखतो, पाणी ओसरलं की पुन्हा फुटतो. साध्या संकरात या गुणाबरोबर त्याचा गबाळेपणाही यायचा. शेवटी डीएनएच्या खुणा पाहत ‘स्वर्णा’ या भरघोस पिकणाऱ्या भाताशी पुन्हापुन्हा संकर केला, तेव्हा कुठे नेमका तेवढाच गुण उचलता आला. २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतात प्रसारित झाला. दोन आठवडे पाण्याखाली तगतो! पूर नसेल तर उत्पन्न स्वर्णाइतकंच.

डीएनए वगैरे ठीक, हातात मात्र अजून चिमटाच. फूल वरून कातरायचं, आतले सहा परागकोष काढायचे, पिशवी घालायची, दुसऱ्या दिवशी नराची लोंबी वर झटकायची. एक जरी परागकोष राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळतं. मागच्या हंगामात चष्मा विसरून बसलो. अकरा दाणे मिळाले, मी खूश! उगवले ते सगळे हुबेहूब आईसारखे. हंगाम वाया, आणि संकरापासून वाणापर्यंत दहा वर्षं सहज जातात, त्यात हे.

उपाशी वाफ्यातल्या एका हिरव्या ओळीची पुढची पिढी आता पेरली आहे. कापणीला ये. टोमणे चालतील, पण दाणे मोजायला बसवणार आहे. चष्मा आण.

तुझाच,
चिमटेवाला