चाकांवरची खोली

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘कॅरव्हॅन घेतली’ म्हटलं, तर तू हसतच सुटलास. आता नीट ऐक. महूच्या एका जुन्या बंगल्यात, बंद गॅरेजात, विटांवर चढवून ठेवलेला हा इंग्रजी ट्रेलर. बंगल्याच्या मालकीण आजी तो विकताहेत. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाही होता. पुढच्या पट्टीवर नाव ‘एकल्स’. बर्मिंगहॅमच्या रायली बापलेकांची ही कंपनी १९१९ची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या चकचकीत एअरस्ट्रीम कॅरव्हॅनच्याही आधीची.

बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा. असल्या गाडीला खातं ते पाणी. छताच्या सांध्यातून थेंब शिरतो, पत्र्याआड लाकडाचा भुसा होतो आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून टोच्या घेऊन खिडक्यांचे कोपरे, दाराची चौकट टोचत बसलो. आजींना वाटलं, मोडायलाच आलाय! मागचा एक कोपरा सोडला तर टोच्या कुठेच रुतला नाही.

भांडण झालं ते मिस्त्रींशी. ‘भिया, अंदर का सब निकाल दो, सनमायका मार देंगे, एसी लगा देंगे.’ अरे, होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी जर्मन वास्तुकार मुथेसियसने जमवलेलं फर्निचर १९८०मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. इमारत तेवढी राहिली. तसलं रिकामं टरफल मला नको. कुजलं तेवढंच कापून सागवान जोडलं. कपाटांचं जुनं पॉलिश, पितळी कड्या, सगळं तसंच. लोखंडी स्क्रूंभोवती पत्र्याला पांढरी पूड धरली होती, ते बदलले. सांध्यांत ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी घातली. सिलिकॉन मारू दिलं नाही: एकदा लागलं की धड निघत नाही, आणि त्यावर दुसरं काही चिकटत नाही. पट्टीसाठी अख्खं सियागंज पालथं घातलं!

ब्रेकची गंमत बघ. ओढणारी जीप थांबायला लागली की ट्रेलर मागून रेटतो, जोडाचा दांडा आत दबतो आणि त्याच रेट्याने ट्रेलरचे ब्रेक लागतात. म्हणजे उतारावर ते लागलेलेच राहणार आणि तापणार. भेरूघाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा. सामानही तू भरायचं नाहीस. मागे जड झालं की ट्रेलर शेपटी हलवतो.

आरटीओत ट्रेलरचीही नोंदणी लागते, ते कागद चाललेत. दिवाळीनंतर महेश्वरला जाऊ. येताना पुण्याच्या जुन्या बाजारात गॅसच्या दिव्याची काच बघ, माप सोबत लिहिलंय. दुधी हवी, रंगीत नको. आणि घासाघीस वहिनींना करू दे, तुला जमत नाही.

तुझा,
दिलीप