किराच्या लाटेबद्दल

चि. सईस अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियातल्या किरा किनाऱ्यावरचा तुझा सर्फिंगचा व्हिडिओ कालपासून दहा-बारा वेळा तरी पाहिला. अकराव्या सेकंदाला लाट तुझ्या डोक्यावरून वळते, तू आत जातेस आणि दिसेनाशी होतेस. शेवटी पाण्यातून वर येतेस तेव्हा कपाळावरचं रक्तही दिसलं. टाके पडल्याचं फोनवर बोलली नाहीस. आईला अजून दाखवलेलं नाही.

तिथल्या शिकवणाऱ्यांपुढे मी काय सांगणार? फळीवर मी कधी उभा राहिलेलो नाही. पण रापणीचं जाळं ओढणाऱ्याचा मुलगा आहे, लाट फुटताना पाहण्यातच बालपण गेलं. तळ हळूहळू चढत असेल तर लाट वरच्या वर फेसाळून मोडते. खोल पाण्यातून आलेली लाट उथळ वाळूवर एकदम अडखळली, की तिचा पाय मागे राहतो, माथा पुढे झेपावतो आणि मधे पोकळी धरते. पावसात पडवीत उभं राहून पागोळ्यांआडून अंगण बघायचीस, तसंच दिसत असणार आतून.

तुमच्याकडच्या ट्वीड नदीच्या मुखाशी साचणारी वाळू २००१ पासून पंपाने नदीखालून पलीकडे नेऊन टाकतात, म्हणून तुमच्या किनाऱ्यावर एवढी वाळू, असं वाचलं. आपल्या देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळू सरकली की आम्ही नुसत्या शिव्या घालतो!

मतलई वारा असेल तेव्हाच जा. जमिनीवरून येणारा तो वारा माथ्याला थोपवून धरतो. समुद्रावरून खारा वारा सुटला की सरळ घरी.

आधीच्या व्हिडिओंत तू लाटेच्या पुढे पळायचीस, पोकळी मागेच राहायची. लहानपणापासून तुझी घाईच. या वेळी मात्र मागच्या पायावर भार दिलास, उजवा हात पाण्याच्या भिंतीत घातलास, वेग कमी केलास. तो हात मी थांबवून थांबवून पाहिला. फक्त आत गेल्यावर मान खाली घालून फळीकडे का बघितलंस? नजर पोकळीच्या तोंडाकडच्या उजेडावर हवी. आणि पडलीस तर सूर मारायचा नाही, आडवं पडायचं, दोन्ही हात डोक्यावर. ओली वाळू मऊ नसते, हे आता तुला कळलंच असेल.

एकटी जाऊ नकोस.

टाके कधी काढणार ते मला कळव. आईच्या फोनवर नको.

तुझे,
बाबा