सोमवारी रुजू होण्याआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या गेमिंग कमिशनमध्ये, म्हणजे कॅसिनोवर नजर ठेवणाऱ्या कचेरीत, रुजू होशील. मावशीला नुसतं 'कॅसिनो' सांगितलंस तर तिच्या डोळ्यांपुढे मांडवीतल्या बोटी येतील. तिला सांग, अमेरिकेतला हा कॅसिनो कुणा शेटजीचा नाही, जमातीच्या सरकारचा आहे. १९८८च्या इंडियन गेमिंग रेग्युलेटरी ॲक्टने निव्वळ उत्पन्न कशावर खर्चायचं तेही बांधून दिलंय: जमातीचा कारभार, लोककल्याण, आर्थिक विकास, दानधर्म आणि स्थानिक शासनसंस्थांना मदत. म्हणजे कॅसिनोचा आणि तुझा धनी एकच. पण कॅसिनोचा जनरल मॅनेजर तुझा साहेब नव्हे. हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळू दे, गोडीगुलाबीने.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टायटल ३१मध्ये, म्हणजे मोठ्या रोकडीची माहिती केंद्र सरकारला कळवायच्या नियमांत. एका गेमिंग डेमध्ये एकाच माणसाची रोकड १०,००० डॉलरच्या वर गेली की सीटीआर, म्हणजे रोकड व्यवहाराचा अहवाल, १५ दिवसांच्या आत. गेमिंग डे म्हणजे कॅसिनोचा हिशेबाचा दिवस, कॅलेंडरची तारीख नव्हे. तो सकाळी सहाला बदलत असेल, तर रात्री अकराला टेबलावर ६,००० देऊन चिप्स घेणारा आणि पहाटे दोनला केजवर, म्हणजे रोकड खिडकीवर, ४,५०० जमा करणारा एकाच दिवसात मोडतो. बेरीज १०,५००. आत आलेली रोकड वेगळी जोडायची, बाहेर गेलेली वेगळी; दोन्ही एकत्र करायच्या नाहीत. ही बेरीज निसटते कुठे? पिट (खेळाच्या टेबलांचा भाग) आणि केज आपापल्या वहीत लिहितात तिथे. नाव नसलं की 'अनोळखी पुरुष' लिहून मोकळे होतात. असल्या नोंदीचं पुढच्या शिफ्टने काय करायचं? वय, चष्मा, टोपीचा रंग, टेबल नंबर, वेळ, सगळं हवं.

ओळखपत्र मागताच कुणी ६०० डॉलर परत खिशात घातले, तर 'चला, मर्यादेत आला' म्हणून सोडू नकोस. खरं काम तिथेच सुरू होतं. संशयास्पद व्यवहार ५,००० किंवा अधिकचा असेल तर एसएआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, ३० दिवसांत, आणि त्याचा सुगावा गिऱ्हाइकाला लागता कामा नये. मर्यादा चुकवायची कशी हे हसत हसत सांगणारा होस्ट (गिऱ्हाइकांची सरबराई करणारा कर्मचारी) तर स्वतःच गोत्यात येतो.

स्लॉट मशीनचा लॉजिक बोर्ड, म्हणजे खेळ चालवणारा सर्किट बोर्ड, उघडला की प्रोग्रॅमची सिग्नेचर (ओळखीचा कोड) तपासणी लॅबच्या मंजुरीपत्राशी जुळवायची, नवं सील लावायचं, नंबर लिहायचा. नंबर मागच्या ओळीवरून उतरवायची खोड तंत्रज्ञांना फार. टॉर्च मारून सीलवरूनच वाच. ३ आणि ८ फसवतात. ड्रॉप बॉक्स, म्हणजे रोकड साठणारी पेटी, मशीनमधून काढायची किल्ली आणि तोच बॉक्स उघडायची किल्ली एका हातात दिसली, तर आधी सर्व्हेलन्सला (कॅमेऱ्यांवर नजर ठेवणाऱ्यांना) फोन, मग चौकशी.

लायसन्सचं थोडक्यात. 'की एम्प्लॉयी', म्हणजे मोक्याच्या जागेवरचा कर्मचारी, त्याला कामावर येऊन ९० दिवस झाले आणि लायसन्स नाही, तर त्याला कामावर ठेवता येत नाही. रिझर्व्हेशनवर, म्हणजे जमातीच्या राखीव भूमीवर, अर्जदार कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी सून असायचीच. नातं असलेल्या कमिशनरने त्या फाइलपासून दूर राहायचं, आणि तसं लेखी द्यायचं. तोंडी नको.

काउंट रूममध्ये, जिथे रोकड मोजतात, निरीक्षणाला जाशील तेव्हा बिनखिशाचा कुडता घाल. आणि स्वेटर ने, एसी भयंकर असतो.

तुझी,
आई