यूव्ही प्रिंटरचे हेड वारंवार का जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात फ्लेक्सच्या मशीनशेजारी आता यूव्ही प्रिंटरही (अतिनील उजेडाने शाई लगेच घट्ट करणारी छपाईयंत्रे) दिसू लागले आहेत. होम-स्टेच्या अ‍ॅक्रिलिक पाट्या, दुकानांचे एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे) बोर्ड, काच आणि लाकडावरची छपाई अशी कामे त्यांवर होतात. मृग लागला की याच दुकानांतून हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, गेल्याच्या तक्रारी सुरू होतात. लाखाच्या घरातले नवे हेड बसते, दोन-तीन महिन्यांत तेही जाते. मग दोष कधी शाईला दिला जातो, कधी हेड ‘डुप्लिकेट’ निघाल्याचे सांगितले जाते. आमचे म्हणणे एवढेच, की पुन्हा पुन्हा हेड जात असेल तर कारण बहुतेक वेळा हेडच्या बाहेर असते आणि ते सापडेपर्यंत नवे हेड बसवू नये.

शोधाची सुरुवात नोझल चेकपासून करावी. नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रे. ती सगळी चालतात का हे पाहायला छापलेली रेषांची पट्टी म्हणजे नोझल चेक. रिको जेन-५ हेडमध्ये १२८० नोझल असतात, ३२० च्या चार रांगांत. एप्सन आय-३२०० मध्ये ३२००, म्हणजे ४०० च्या आठ रांगा. कोणते नोझल गेले यापेक्षा ते कसे गेले हे पाहणे महत्त्वाचे. त्यासाठी तीन पट्ट्या काढाव्यात: सफाईआधी, सफाईनंतर लगेच आणि अर्धा तास छपाई झाल्यावर. तिन्हींवर तारीख घालून ठेवाव्यात. प्रत्येक पट्टीत तेच नोझल बंद दिसले तर तिथे शाई घट्ट झाली आहे किंवा ते विजेच्या बाजूने मेले आहे. बंद नोझलची जागा दर वेळी बदलत असेल तर हेडला हात लावू नका. हवा शिरते आहे, डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी कुपी) गळतो आहे किंवा निगेटिव्ह प्रेशर (शाई गळू न देणारा हलका व्हॅक्यूम) डळमळते आहे. सफाईनंतर पट्टी पूर्ण येते पण अर्ध्या तासाने एका टोकाकडून विरळ होत जाते, याचा अर्थ शाई पुरेशी पोहोचत नाही. तेव्हा शाईच्या वाटेवरचा फिल्टर बदलावा. रेषा येतात पण तिरक्या, तर नोझल प्लेटवर (हेडच्या छिद्रांच्या खालच्या पृष्ठभागावर) शाई सुकली आहे किंवा प्लेटला मटेरियलची धडक बसली आहे.

अख्खी रांग एकदम नाहीशी झाली तर ती सहसा चोक झालेली नसते. अशा वेळी फ्लशचे (सफाईच्या द्रवाचे) डोस देत बसण्यात हेडही जाते आणि वेळही. आधी हेडला बोर्डाशी जोडणारी फ्लॅट केबल पाहावी. मशीन बंद करून, प्लग काढून, बोर्डावरचा चार्ज उतरायला पाच-दहा मिनिटे द्यावीत. मग केबल काढून तिचे पाय (टोकाचे धातूचे संपर्क) भिंगाखाली तपासावेत. काळा डाग, हिरवट थर किंवा शाईचा ओलावा दिसला तर ती केबल पुन्हा लावायची नाही. हेडच्या किमतीपुढे केबलची किंमत काहीच नाही, म्हणून प्रत्येक नव्या हेडसोबत नवी केबल लावलीच पाहिजे. ती तिरकी बसली तरी शेजारचे दोन पाय शॉर्ट होतात. अनेक जण दोष शोधायला दोन हेडच्या केबलींची अदलाबदल करतात. पद्धत चांगली आहे, पण हेडच्या सॉकेटमध्ये शाई उतरल्याचा जरासाही संशय असेल तर ती करू नये. शॉर्ट झालेले हेड चांगल्या चॅनेलला जोडले की हेडबोर्डाचा (हेड चालवणाऱ्या सर्किटचा) तो भागही जळतो आणि मग त्यावर लावलेले प्रत्येक नवे हेड जाते. ‘तिसरे हेडही गेले’ म्हणणाऱ्यांनी आधी हेडबोर्ड तपासून घ्यावा.

आता शाई सॉकेटपर्यंत जाते कशी? आपल्याकडे याचे मोठे कारण वीज आहे. हेडमधली शाई खाली गळू नये म्हणून उपटाकीवर (हेडला शाई देणाऱ्या छोट्या टाकीवर) हलका व्हॅक्यूम धरलेला असतो. बऱ्याच मशीनवर तो उणे ३ ते उणे ५ किलोपास्कलच्या आसपास असतो, नेमका आकडा टाकीच्या उंचीवर ठरतो. वारा सुटला, फांदी तारेवर पडली, वीज गेली की पंप थांबतो. थोड्या वेळात व्हॅक्यूम उतरतो आणि सगळ्या रंगांची शाई नोझलमधून खाली येते. प्लेटवर रंग एकमेकांत मिसळतात, थेंब कडेने चढून केबलपर्यंत पोहोचतात. त्याच वेळी पांढऱ्या शाईचे सर्क्युलेशनही बंद पडलेले असते. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, तो नळीत आणि हेडमध्ये बसू लागतो. पांढऱ्या शाईचे हेड सर्वांत आधी जाते ते यामुळेच.

यावर उपाय महागडा नाही. सबंध मशीनला नव्हे, फक्त व्हॅक्यूम पंप आणि पांढरी शाई फिरवणारी मोटार यांना वेगळ्या वायरिंगवर छोटा यूपीएस द्यावा. दोन्हींचा लोड किरकोळ असतो. वीज लवकर येत नाही असे दिसले तर उपटाकीखालचे व्हॉल्व्ह बंद करावेत किंवा नळ्यांना क्लॅम्प लावावेत, कॅरेज (हेड बसवलेला सरकता भाग) स्टेशनवर, म्हणजे त्याच्या थांब्यावर, न्यावे आणि प्लेटला उजेड लागू देऊ नये. वीज परत आल्यावर लगेच स्विच दाबायचा नाही. ती स्थिर होईपर्यंत थांबावे, तोवर बॅटरीच्या उजेडात हेडच्या कडा आणि केबलचे सॉकेट कोरडे असल्याची खात्री करावी.

अर्थिंगकडे तर कोणाचेच लक्ष नसते. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये जांभा सुकून ठणठणीत होतो आणि खड्ड्यातले अर्थिंग नावापुरते उरते. पुढे पावसाने खड्ड्यातले मीठ वाहून जाते, पाइप गंजतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजावे. मशीन चालू असताना ते २-३ व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला बोलवावे. अर्थ टेस्टरवर रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत हवा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याशी अर्थ कधीही सामाईक ठेवू नये.

दमटपणाबद्दल गैरसमज फार आहेत. दिवसभर एसी चालवून रात्री बंद करणे हे एसी नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो. २४ अंशांच्या खोलीत थंड झालेल्या धातूला ही बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी धरते. कॅरेजमधला बोर्ड, केबलचे पाय, बेड (मटेरियल ठेवायचा मंच) सगळे ओलावते. किनाऱ्यालगत या ओलाव्यात मिठाचा अंश असतो, त्यामुळे पाय लवकर हिरवे पडतात. म्हणून खोलीला सरकते दार हवे, शटर उघडे ठेवून एसी लावू नये आणि रात्री डीह्युमिडिफायर चालू राहावा. हायग्रोमीटरवर ४० ते ६० टक्के दिसले की झाले. याच दमटपणाने एमडीएफ आणि प्लाय फुगतात, कडा उचलल्या जातात. हेड आणि मटेरियलमधले अंतर असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे उचललेली कड थेट प्लेटवर घासते. असे मटेरियल आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणून ठेवावे, कडा टेपने दाबाव्यात आणि उंची मधोमध न मोजता चारही कोपऱ्यांवर मोजावी.

यूव्ही शाई उजेडानेच सुकते हे माहीत असूनही मशीन रस्त्याकडच्या काचेसमोर मांडलेली दिसते. दुपारचे ऊन तर वाईटच, पण त्याहून फसवे म्हणजे मशीनच्या दिव्याचा परतलेला उजेड. आरसा, स्टील, चकचकीत अ‍ॅक्रिलिक यांवर छापताना तो वर उसळून प्लेटवर पडतो आणि शाई नोझलच्या तोंडाशी घट्ट होते. अशा कामाला दिव्याची पॉवर शक्य तितकी कमी ठेवावी, शीटच्या बाहेर उघडा पडणारा बेड काळ्या कागदाने झाकावा आणि प्लेट अधिक वेळा पुसावी.

पुसण्याचेही सांगितले पाहिजे. लिंट न सोडणारे कापड किंवा फोमचा स्वॅब, त्याच शाईचा फ्लश, एकाच दिशेने एकदा, आणि प्रत्येक रंगाला नवा स्वॅब. थिनर आणि अ‍ॅसिटोन हेडमधला गोंद सैल करतात. सिरिंजने जोरात फ्लश मारला की आतले पातळ पडदे फाटतात. अल्ट्रासॉनिक टबात हेड बुडवून ठेवणे ही तर खात्रीने हेड मारण्याची रीत आहे. शाईची कंपनी बदलताना जुनी शाई पूर्ण काढून नळ्या आणि डॅम्पर फ्लश केल्याशिवाय नवी भरू नये, दोन्ही मिळून जेल होऊ शकतो. रेषा फिकट आल्या म्हणून व्होल्टेज वाढवणेही चुकीचे. हेडच्या लेबलवर दिलेला आकडाच सॉफ्टवेअरमध्ये टाकावा आणि शाई गरम झाल्याची खात्री करावी. जेन-५ सारख्या हेडला ती ४० ते ४५ अंशांवर लागते.

हेड विकणाऱ्यांना आमची विनंती आहे, की नवे हेड देण्यापूर्वी ग्राहकाकडून जुन्या हेडच्या तीन पट्ट्या, अर्थिंगचे माप आणि केबलचा फोटो मागून घ्यावा. वॉरंटी नाकारायला हीच कारणे नंतर पुढे केली जातात, तर ती आधीच का तपासू नयेत? महावितरणलाही सांगणे आहे. मान्सूनपूर्व दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची वेळ फीडरनिहाय आदल्या दिवशी कळली, तर निदान ठरलेल्या बंदच्या वेळी तरी दुकानदार व्हॉल्व्ह बंद करून हेड झाकून ठेवू शकेल. आपल्या वृत्तपत्रात ही वेळापत्रके छापून आली तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या छोट्या छपाईवाल्यांची मोठी सोय होईल.

कळावे,
मोठ्या छपाईयंत्रांचे दुरुस्ती तंत्रज्ञ, रत्नागिरी