ब्लेचलीत तिकिटं दोन, यंत्रंही दोन

महोदय,

मे महिन्यात मुलांकडे इंग्लंडला निघणाऱ्या मंडळींच्या यादीत हल्ली लंडन आणि बाथच्या जोडीला ‘ब्लेचली पार्क’ हमखास असतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन सांकेतिक संदेश फोडले ती जागा. ते चांगलंच आहे. पण परत आलेल्यांच्या बोलण्यात, आणि मराठीत अधूनमधून छापून येणाऱ्या लेखांतही, एक वाक्य ठरलेलं असतं : ‘ट्युरिंगने जगातला पहिला संगणक बनवला आणि त्यावर हिटलरचा एनिग्मा फोडला.’ ट्युरिंग हा ब्रिटिश गणितज्ञ आणि एनिग्मा हे संदेश सांकेतिक करणारं जर्मन यंत्र, इथवर ठीक. पण या एका वाक्यात तीन चुका आहेत. एनिग्मावर चालवलं ते यंत्र संगणक नव्हतं. संगणक म्हणता येईल असं जे यंत्र होतं, ते एनिग्मासाठी नव्हतं. आणि ते ट्युरिंगने बनवलेलं नव्हतं. ‘बॉम्ब’ आणि ‘कोलोसस’ या दोन्ही यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती ब्लेचलीतच उभ्या आहेत. तरी बरेच जण त्या न बघताच परततात, कारण त्यांचं तिकीट वेगळं आहे.

व्यवहाराचं आधी सांगतो. वाडा, तळं आणि लाकडी ‘हट’ असलेलं ब्लेचली पार्क एका ट्रस्टचं. ‘नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग’ दुसऱ्या ट्रस्टचं. ते जुन्या आवाराच्या कडेला ‘ब्लॉक एच’ या इमारतीत आहे आणि त्याचं प्रवेशद्वारही निराळं. पार्कचं तिकीट वर्षभर चालतं, पण त्यावर ब्लॉक एचमध्ये सोडत नाहीत. शिवाय हे म्युझियम आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वार आणि यंत्रं चालवून दाखवण्याच्या वेळा बघाव्यात. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ब्लेचलीची गाडी मिळते. मात्र जलद गाड्या पुढे मिल्टन कीन्स सेंट्रलला थांबतात, ब्लेचलीला नाही. ब्लेचली स्टेशनवरून पार्क चालत पाच-सात मिनिटांवर आहे.

लोक सकाळी वाड्यापासून सुरुवात करतात, हट्स बघता बघता दुपार होते आणि ब्लॉक एचला पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ झालेली असते. उलट करावं. आधी ब्लॉक एच, तेही किमान तीन तास हाताशी ठेवून. पार्कचं तिकीट वर्षभराचं असल्याने तिथे पुन्हा जाता येतं.

ब्लॉक एचमधलं पहिलं मोठं यंत्र ‘बॉम्ब’. नाव ऐकून दचकू नये, हे फुटत नाही. एनिग्मासाठी वापरलं ते हे. मूळ कल्पना ट्युरिंगची आणि तिला मोलाची जोड दिली गॉर्डन वेल्चमन या गणितज्ञाने. त्याआधीची पायाभरणी पोलंडच्या रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की या तीन गणितज्ञांची. त्यांनी १९३२च्या अखेरीस एनिग्मात शिरकाव केला होता आणि जुलै १९३९मध्ये वॉर्सॉजवळ आपलं सगळं काम ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. पहिलं बॉम्ब १९४०च्या मार्चमध्ये ब्लेचलीत आलं. समोर दिसतो तो २००७मध्ये पूर्ण झालेला पुनर्निर्मित नमुना. तो २०१८पर्यंत पार्कात होता, मग इथे हलवला. जुनी प्रवासवर्णनं वाचून जाणारे त्याला पार्कात शोधत बसतात ते यामुळे.

बॉम्ब संदेश ‘वाचत’ नाही. लष्करी एनिग्मात पाच चाकांतली तीन निवडून लावायची म्हणजे ६० प्रकार, प्रत्येकात चाकांच्या १७,५७६ स्थिती, आणि समोरच्या फळीवर तारांनी जोडलेल्या अक्षरांच्या दहा जोड्या. सगळं गुणलं की १५९वर १८ शून्यं इतक्या शक्यता. एकेक करून तपासणं अशक्यच. म्हणून आधी संदेशात अमुक शब्द असणारच असा अंदाज बांधायचा. त्याला तिथे ‘क्रिब’ म्हणत. एनिग्मात एक खोट होती : कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. समजा, हवामानाच्या संदेशात ‘वेट्टर’ हा जर्मन शब्द असणार, म्हणजे डब्ल्यू-ई-टी-टी-ई-आर. हाती आलेली सांकेतिक अक्षरं आहेत क्यू-एफ-झेड-टी-आर-व्ही-ई-के-डी. शब्द पहिल्या अक्षराखाली लावला तर टीखाली टी येतो, बाद. एक घर सरकवला तरी टीखाली टी, बाद. आणखी एक घर सरकवला तर ईखाली ई, तेही बाद. चौथ्या घरात मात्र कुठेच टक्कर होत नाही. हा खेळ कागदावर उतरवून न्यावा आणि मुलांना गाडीत सोडवायला द्यावा. मग यंत्रासमोर उभं राहिल्यावर ती नुसती फिरती चाकं राहत नाहीत.

उरलेल्या जागी कुठलं अक्षर कुठल्या अक्षराशी जोडलं गेलं याची आकृती काढत. ती ‘मेनू’. यंत्राच्या पाठीमागे केबल खोचून ती जुळणी करत. बहुतेक पाहुणे समोरचे रंगीत ड्रम बघूनच पुढे सरकतात. पाठ दाखवायला आवर्जून सांगावं, खरं काम तिथे आहे. समोर १०८ ड्रम असतात, तीन-तीनच्या ३६ रांगा. म्हणजे ३६ एनिग्मा एकदम फिरत आहेत असं समजायचं. १२-१२चे तीन गट केले की चाकांचे तीन क्रम एका दमात तपासून होतात. विसंगत स्थिती यंत्र सोडून देतं, सुसंगत दिसली की थांबतं. हे थांबे बरेचदा खोटे निघत, कारण छोट्या मेनूत पुरती साखळी जुळत नाही. मग क्रिब लांबच का घेत नसत? कारण उजवं चाक २६ अक्षरांच्या फेऱ्यात एकदा मधल्या चाकाला ढकलतं. १४ अक्षरांची क्रिब घेतली, तर ते ढकलणं मध्येच कुठे तरी झालेलं असण्याची शक्यता निम्मी, आणि तसं झालं असेल तर मेनूच चुकीचा. दुसरी कटकट ब्रशांची. प्रत्येक ड्रमला १०४ बारीक तारांचे ब्रश. एखादी तार वाकून शेजारच्या तारेला टेकली की शॉर्ट, आणि पुन्हा खोटा थांबा. यंत्रं चालवणाऱ्या नौदलाच्या मुली चिमटा घेऊन ड्रम तपासत बसत.

आता दुसरं यंत्र, कोलोसस. पण आधी ते कशासाठी हवं होतं ते. एनिग्मा मोर्सवर चालणाऱ्या संदेशांसाठी होतं. हिटलरचं सर्वोच्च सेनापतीमंडळ टेलिप्रिंटरला जोडलेलं लोरेंझ यंत्र वापरी. ब्लेचलीत त्याला ‘टनी’ म्हणत. त्यात १२ चाकं आणि त्यांवर मिळून ५०१ खुंट्या. टेलिप्रिंटरच्या प्रत्येक अक्षराचे पाच भाग असतात, प्रत्येक भाग एक तर भोक किंवा कोरा. लोरेंझ त्यात चाकांतून निघणारं ‘किल्ली’चं अक्षर मिसळी : दोन्ही सारखे तर कोरा, वेगळे तर भोक. तीच किल्ली पुन्हा मिसळली की मूळ अक्षर परत येतं. ही सोय जर्मनांनाच नडली.

३० ऑगस्ट १९४१ रोजी सुमारे ४,००० अक्षरांचा एक संदेश पलीकडे नीट पोचला नाही, म्हणून पाठवणाऱ्याने तो त्याच मांडणीवर पुन्हा टाइप केला. दुसऱ्या वेळी कंटाळून त्याने शब्द आखडले, सुरुवातीच्या ‘स्प्रुखनुमर’चं (संदेश क्रमांक) ‘स्प्रुखएनआर’ केलं. दोन्ही सांकेतिक मजकूर एकमेकांत मिसळले की किल्ली उडून जाते आणि दोन जर्मन मजकुरांची सरमिसळ उरते. मजकूर हुबेहूब तेच असते तर हाती शून्य आलं असतं. आखडल्यामुळेच फट पडली. ती सरमिसळ हाताने सोडवली जॉन टिल्टमन या ब्लेचलीतल्या संकेततज्ज्ञाने, आणि त्यातून किल्लीही हाती आली. टिल्टमन १९२०च्या दशकात सिमल्याला रशियन संदेश उकलण्याच्या कामावर होता, हा आपल्याकडचा धागा तिथल्या पाट्यांवर शोधू नये. मग बिल टट या तरुण गणितज्ञाने ती किल्ली ५७५-५७५ अक्षरांच्या ओळींत मांडली. खुणा सरळ उभ्या न येता तिरक्या उतरताना दिसल्या, म्हणून त्याने ५७४ करून बघितलं. ५७४चा एक अवयव ४१. पहिल्या चाकाला ४१ खुंट्या असणार, हे तिथून निघालं. पुढे त्याने आणि सहकाऱ्यांनी १२ चाकांची सगळी रचना काढली, तीही लोरेंझ यंत्र डोळ्यांनी न बघता. टनी दालनात खरं लोरेंझ आणि त्याची ब्रिटिश नक्कल दोन्ही बघून मगच पुढे जावं.

चाकांची रचना कळली तरी रोजच्या संदेशात ती कुठून सुरू झाली हे शोधावं लागे. त्यासाठी कोलोसस. पोस्ट खात्याच्या डॉलिस हिल प्रयोगशाळेतल्या टॉमी फ्लॉवर्स या इंजिनीअरचं हे काम. पहिलं यंत्र १९४४च्या सुरुवातीला ब्लेचलीत चालू झालं, त्यात सुमारे १,६०० व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या. सुधारलेलं दुसरं १ जून १९४४ला, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईआधी पाच दिवस. त्यात सुमारे २,५०० व्हॉल्व्ह. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं झाली. ट्युरिंगने लोरेंझसाठी हाताने करायची एक पद्धत दिली होती, पण या यंत्राची रचना त्याची नव्हे.

आधीच्या ‘हीथ रॉबिन्सन’ यंत्रात दोन कागदी फिती बरोबरीने पळवाव्या लागत, एक संदेशाची आणि एक चाकांची. कागद ताणला जाई, फिती मागेपुढे होत, फाटत. फ्लॉवर्सने चाकांची फीतच काढून टाकली आणि तो नमुना व्हॉल्व्हमध्ये तयार केला. संदेशाच्या फितीच्या मधोमध बारीक भोकांची रांग असते. तिच्यावरूनच यंत्राचे ठोके पडतात, त्यामुळे फितीचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. व्हॉल्व्ह सारखे उडतील म्हणून अनेकांचा विरोध होता. फ्लॉवर्सला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या अनुभवावरून ठाऊक होतं की व्हॉल्व्ह मरतो तो मुख्यतः बटण दाबताना, थंड तार एकदम तापल्यामुळे. तेव्हा यंत्र बंद करायचंच नाही.

वेग सेकंदाला ५,००० अक्षरं. एका अक्षराला दशांश इंच फीत लागते, म्हणजे फीत ताशी ४५ किलोमीटरने पळते. फ्लॉवर्सने ९,७००पर्यंत ताणून पाहिलं, तेव्हा फितीच्या चिंध्या झाल्या. ४,००० अक्षरांच्या संदेशाची फीत दहा मीटरच्या आसपास. टोकं चिकटवून तिचा बंद वेढा करायचा आणि कप्प्यांच्या चौकटीवर चढवायचा. त्या चौकटीला तिथे ‘पलंग’ म्हणत. यंत्र संदेश उलगडत नाही, चाकांचा नमुना संदेशाशी किती जागी जुळतो ते मोजतं. पहिल्या दोन चाकांच्या ४१ गुणिले ३१ म्हणजे १,२७१ स्थिती. प्रत्येक स्थितीला फितीचा एक फेरा, ०.८ सेकंद. म्हणजे साधारण १७ मिनिटं. दुसऱ्या आवृत्तीत पाच मोजण्या एकदम होत, तेव्हा साडेतीन. चुकीच्या स्थितीला मोजणी २,०००च्या आसपास घुटमळते, ३०-३२ इकडे-तिकडे. बरोबर स्थितीला ती ५५ टक्क्यांवर, २,२००वर जाते. ठरवलेल्या आकड्यापलीकडची मोजणीच टाइपरायटरवर उमटते. उरलेली बरीचशी चाकं माणसं हाताने काढत आणि अखेरचा मजकूर लोरेंझच्या ब्रिटिश नकलेवर छापला जाई. ‘कोलोससने हिटलरचे संदेश वाचले’ असं लिहिणाऱ्यांनी त्या टाइपरायटरवरचा कागद बघावा. त्यावर आकडे असतात, जर्मन नाही.

युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडली आणि आराखडे जाळले. टोनी सेल या इंजिनीअरने आणि सहकाऱ्यांनी थोडी छायाचित्रं आणि इंजिनीअरांनी जपलेले आकृत्यांचे तुकडे यांवरून १९९०च्या दशकात पुनर्निर्मितीचं काम सुरू केलं, ते २००७मध्ये पुरं झालं. दालन गरम असतं, स्वेटर काढून जावं.

बाकी दालनांत दोन जागी थांबावं. हार्वेल या ब्रिटिश अणुसंशोधन केंद्राचं १९५१चं ‘विच’ हे मूळ यंत्रच आहे, प्रतिकृती नव्हे. त्यात ८२८ डेकाट्रॉन नळ्या, प्रत्येकीत दहा जागी फिरणारा केशरी ठिपका. गुणाकाराला पाच-दहा सेकंद घेतं, त्यामुळे आकडा सरकताना डोळ्यांना दिसतो. मुलांना संगणक आतून काय करतो हे दाखवायला याहून सोपं यंत्र नाही. दुसरं केंब्रिजच्या ‘एडसॅक’ या संगणकाची पुनर्निर्मिती. मूळ यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत होती. इथे पाऱ्याऐवजी निकेलची तार वापरली आहे.

बॉम्ब यंत्रं बांधणाऱ्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीनेच पुढे ‘एचईसी-२एम’ हा संगणक कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेला विकला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर आलेला हा भारतातला पहिला डिजिटल संगणक. आणि १९६०मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ चालू झाला, सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा. कोलोससपुढे उभं राहिल्यावर टिफ्रॅक केवढा असेल याचा अंदाज येतो.

आपल्या पर्यटन पुरवणीत ब्लेचलीचं वेळापत्रक पुन्हा छापाल तेव्हा ब्लॉक एचसाठी वेगळी ओळ आणि वेगळ्या तिकिटाची सूचना द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे